किती वेळा जेवावे? : आहाराची संख्या, शरीराचे बळ आणि तपाची मर्यादा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित पाठ)



दिवसातून किती वेळा जेवावे, हा प्रश्न जैन कुटुंबाला नवीन नाही. इतर घरांत सकाळी ‘आज काय शिजवायचे?’ असे विचारले जाते. आपल्या घरांत त्याआधी ‘आज कोणाचे कोणते पच्चक्खाण?’ हे विचारले जाते. आजींचे एकासन, काकांचे बियासना, सूनबाईंचे आयंबिल आणि नातवाची निदान नवकारशी, असा हिशेब लावूनच चूल पेटते. जेवणाच्या वेळा मोजण्याची ही सवय आपल्याला वारशाने मिळालेली आहे.

अलीकडे मात्र या मोजदादीत एक नवा गोंधळ शिरला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या नातवाला ‘दिवसातून सहा वेळा खा, नाहीतर स्नायू वाढणार नाहीत’ असे सांगितले जाते. मधुमेही आजोबांना कोणी ‘दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे घ्या’ म्हणतो, तर कोणी ‘दोनदाच जेवा, मधे काही नको’ असे बजावतो. आणि त्याच घरात खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झालेली आजी, ‘नियम मोडायचा नाही’ म्हणून एकासनावर ठाम असते. तिघांचीही श्रद्धा प्रामाणिक असते. परंतु तिघांच्या शरीराची गरज एक नसते. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रातील दोन मते

महाराष्ट्राला या वादाचा चांगला परिचय आहे. नागपूरचे बहुश्रुत विद्वान कै. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी दोन वेळा जेवण्याचा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो गावोगावी पोहोचविला. खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, मधल्या काळात अन्न घेऊ नये आणि रोज चालावे, असे त्या पद्धतीचे सूत्र आहे. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून दर दोन तासांनी थोडे खाण्याचा सल्ला दिला. २०१८ च्या सुमारास या दोन मतांची चर्चा वर्तमानपत्रांतून आणि घराघरांतून रंगली. अनेकांना वाटले की, यांपैकी एक मत खरे आणि दुसरे खोटे असलेच पाहिजे.

आपल्या परंपरेकडे पाहिले, तर तिने सर्वांसाठी एकच संख्या कधी सांगितली नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी मुखात काही घालणे ही नवकारशी. एक प्रहर थांबणे ही पोरिसी, दोन प्रहर थांबणे हे पुरिमड्ढ. दोन बैठकींत दोनदा जेवणे हे बियासना, एकाच बैठकीत एकदा जेवणे हे एकासन. विगयांचा त्याग करून एकदाच रूक्ष आहार घेणे हे आयंबिल, आणि पूर्ण आहारत्याग म्हणजे उपवास. ही एक शिडी आहे. कोणी कोणत्या पायरीवर उभे राहावे, हे ज्याच्या त्याच्या शक्तीवर सोपविले आहे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनाच्या लगोलग ऊनोदरीला स्थान आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास असे परिमाण सांगून, त्याहून थोडे कमी खाणे हेही तपच, असे शास्त्रकार म्हणतात. म्हणजे ‘किती वेळा’ या प्रश्नाच्या शेजारी ‘किती’ हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीपासून उभा आहे. आजचे शरीरशास्त्रही नेमके त्याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे.

वजनाचा हिशेब

वारंवार खाल्ल्याने जठराग्नी सतत प्रज्वलित राहतो आणि चरबी अधिक जळते, ही समजूत फार पसरलेली आहे. अन्न पचविण्यासाठी शरीर काही ऊर्जा खर्च करते, हे खरे. परंतु हा खर्च अन्नाच्या एकूण प्रमाणावर ठरतो. तेच अन्न तीन भागांत घेतले काय किंवा सहा भागांत घेतले काय, बेरीज जवळपास तेवढीच येते. १९९७ साली या विषयावरील तोवरच्या अभ्यासांचा जो आढावा ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये आला, त्याचा निष्कर्ष हाच होता. २०१० साली त्याच नियतकालिकात आलेल्या कॅनडातील आठ आठवड्यांच्या प्रयोगात स्थूल व्यक्तींना सारख्याच उष्मांकांचा कमी आहार दिला गेला. काहींनी तो तीन जेवणांत घेतला, काहींनी तीन जेवणे आणि तीन अल्पोपाहार यांत. वजन घटण्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

मग संख्येला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो वेळेशी जोडलेला आहे. प्राग येथे टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने बारा आठवडे सहा छोटी जेवणे घेतली आणि बारा आठवडे दोनच मोठी जेवणे घेतली. उष्मांक दोन्ही वेळी सारखेच होते. ही दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे भोजन. दुपारी चारनंतर अन्न नाही. सहा जेवणांच्या काळात सरासरी २.३ किलो वजन उतरले, दोन जेवणांच्या काळात ३.७ किलो. यकृतातील चरबी आणि उपाशीपोटीची साखर हीदेखील दोन जेवणांत अधिक उतरली. आपल्याकडचे बियासना डोळ्यांपुढे आणले, तर त्याचे या आहाराशी असलेले साम्य सहज लक्षात येईल.

याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवावा लागतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी माणसांना दिवसाचे सर्व अन्न एकाच जेवणात दिले गेले. त्यांची चरबी किंचित घटली, परंतु भूक फार वाढली आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉल तीन वेळा जेवण्याच्या काळापेक्षा अधिक भरले. ते एक जेवण संध्याकाळी होते, हे विसरता कामा नये. २०१८ साली आठ पूर्वमधुमेही पुरुषांवर झालेल्या एका छोट्या अमेरिकन प्रयोगात सर्व आहार सकाळपासून दुपारी तीनपर्यंत संपविला गेला. त्यांचे वजन घटले नाही, तरी इन्सुलिनचे कार्य सुधारले आणि रक्तदाब उतरला. हे प्रयोग लहान आहेत. त्यांवरून धर्मनियमांना ‘विज्ञानाचे प्रमाणपत्र’ मिळाले, अशी घोषणा करण्याचे कारण नाही. आपला रात्रिभोजनत्याग अहिंसेसाठी आहे आणि तो तसाच राहावा. दिवसाउजेडी जेवणाऱ्याचे शरीर त्या नियमाने अडचणीत येत नाही, उलट बहुधा लाभच होतो, एवढे समाधान मात्र निश्चित बाळगता येईल.

व्यायाम करणारा तरुण

आता नातवाचा प्रश्न. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो आणि विश्रांतीच्या काळात ते प्रथिनांच्या साहाय्याने पुन्हा बांधले जातात. ही बांधणी व्यायामानंतर किमान चोवीस तास चालू असते. ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ तरुणांना व्यायामानंतरच्या बारा तासांत ८० ग्रॅम प्रथिने तीन प्रकारे दिली गेली. काहींना दर दीड तासाने १० ग्रॅम, काहींना दर तीन तासांनी २० ग्रॅम आणि काहींना दर सहा तासांनी ४० ग्रॅम. बांधणी सर्वांत चांगली झाली ती दर तीन तासांनी २० ग्रॅम घेणाऱ्यांची. सारखे तोंड चालू ठेवणारा येथे पहिला आला नाही.

‘एका वेळी २५-३० ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने वायाच जातात’ अशीही एक समजूत होती. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले की, व्यायामानंतर एकाच वेळी घेतलेली १०० ग्रॅम दुग्धप्रथिनेही शरीर बारा तासांहून अधिक काळ सावकाश वापरत राहते. म्हणून दोनदा जेवणाऱ्याचे प्रथिन फुकट जाते, असे म्हणता येत नाही. एकूण प्रमाण पुरेसे हवे ही पहिली अट, आणि ते तीन-चार जेवणांत विभागले तर अधिक बरे ही दुसरी.

चौविहार पाळणाऱ्या तरुणासाठी याचा व्यवहार कसा बसतो ते पाहू. मुंबई-पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी पाळली तर खाण्यासाठी सुमारे दहा तास हाती राहतात. जूनमध्ये हाच काळ बारा तासांच्या वर जातो. सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि सायंकाळी साडेपाच, अशी तीन भरभक्कम जेवणे यात सहज बसतात. हवे असल्यास चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे बसतात. अडचण आहे ती रात्री आठ वाजता व्यायामशाळेत जाण्याची. अन्न दुसऱ्या सकाळी मिळाले तरी स्नायूंचे फार बिघडत नाही. परंतु घाम गाळून रात्रभर पाण्याचा थेंबही न घेणे योग्य नव्हे. अशा तरुणाने व्यायाम सकाळी करावा किंवा सूर्यास्तापूर्वी आटोपावा, म्हणजे नियम आणि व्यायाम दोन्ही सांभाळता येतात.

ज्येष्ठांचे ताट

सर्वांत गंभीर प्रश्न आजींचा आहे, कारण तिथे बोलायला सगळेच संकोचतात. साठीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात. आजारपणात अंथरुणावर पडून राहिले, तर काही आठवड्यांत बरेच काही गमावले जाते. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणे, जिना चढताना कठडा धरावा लागणे, ही त्याची लक्षणे. पडणे आणि हाड मोडणे ही त्याची परिणती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण दिले. वृद्धांच्या पोषणाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली निरोगी ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम आणि आजारातून उठणाऱ्यांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम अशी शिफारस केली. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

आता वहीवर हिशेब मांडू. आजींचे वजन ६० किलो धरले, तर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. बहुतेक घरांत त्यांच्या ताटात एक पोळी, अर्धी वाटी पातळ वरण आणि थोडी भाजी असते. त्यातून ८ ते १० ग्रॅमच्या पुढे मजल जात नाही. असे एकासन केले, तर दिवसाची जमा १० आणि गरज ६०. असे बियासना केले, तरी जमा २०. उरलेली तूट शरीर आपल्याच स्नायूंतून भरून काढते. ती तूट रोजमेळात दिसत नाही, पण भांडवल घटत राहते.

हेच ताट विचारपूर्वक वाढले तर? दोन पोळ्यांचे ६ ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणाचे ७, एक वाटी मुगाच्या किंवा मटकीच्या उसळीचे ७, एक पेला दुधाचे ६ ते ७, आणि ५० ग्रॅम पनीर घातले तर आणखी सुमारे ९. म्हणजे एका बैठकीत ३५ ग्रॅम होतात. अशी दोन ताटे झाली, की बियासन्यात ६० ग्रॅमचे लक्ष्य गाठता येते. दूध उकळलेले आणि ताक कढवलेले असले, म्हणजे कडधान्याबरोबर द्विदलाचाही दोष राहत नाही. यात कंदमुळाची गरज पडत नाही. तिथीला हिरवी भाजी नसली तरी कडधान्य आणि दूध असतेच. परंतु एकासनात ६० ग्रॅम एकाच बैठकीत बसविणे, ज्यांची भूकच मंदावली आहे अशा सत्तरीच्या व्यक्तीला जवळजवळ अशक्य असते. अडथळा शरीराच्या पचविण्याचा कमी आणि ताटात मावण्याचा अधिक आहे.

म्हणून शस्त्रक्रिया, हाड मोडणे, क्षयरोग, न्यूमोनिया अशा आजारांतून उठणाऱ्या व्यक्तीने बरे होईपर्यंत तीन-चार वेळा खाणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांच्या १९९० च्या दशकातील कार्यानंतर जगभर मागे पडली आणि रुग्णाला लवकर अन्न देण्यावर भर आला. रुग्णालयात रात्रीचे जेवण बहुधा सूर्यास्तानंतर येते. ते साडेपाच वाजता मागून घेतले किंवा घरून डबा नेला, तर रात्रिभोजनत्यागही सांभाळता येतो. प्रश्न उरतो रात्रीच्या औषधाचा आणि पाण्याचा. त्याचे उत्तर शास्त्रकारांनीच देऊन ठेवले आहे.

आगार : नियमातील करुणा

प्रत्येक पच्चक्खाणात ‘आगार’ म्हणजे सवलती असतात. आपण ती सूत्रे रोज म्हणतो, परंतु त्यांचा अर्थ क्वचितच ध्यानात घेतो. त्यांपैकी एक आगार समाधीसाठी आहे. तीव्र व्याधीमुळे चित्ताची समाधी ढळत असेल, तर औषधादी घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही, असा त्याचा आशय आहे. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर-नामकर्माची जी कारणे सांगितली, त्यांत त्याग आणि तप यांना ‘शक्तीनुसार’ असे विशेषण जोडलेले आहे. शक्ती न पाहता केलेल्या तपाचा तिथे गौरव नाही. आजारी व्यक्तीने गुरुमहाराजांना आपली अवस्था सांगावी, त्यांच्याकडून योग्य ते पच्चक्खाण घ्यावे, आणि एकासनाच्या जागी नवकारशी, ऊनोदरी, एखाद्या प्रिय पदार्थाचा त्याग, स्वाध्याय यांचा आश्रय घ्यावा. तपाचे बारा भेद आहेत. त्यांतील एकच भेद जेवणाच्या ताटाशी बांधून ठेवण्याचे कारण नाही.

येथे कुटुंबीयांचीही जबाबदारी आहे. ‘आमच्या आईने ऐंशीव्या वर्षीही एकासन सोडले नाही’ हे कौतुकाने सांगितले जाते. त्या कौतुकाच्या भाराखाली त्या आईला ‘आता झेपत नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. तिला ती सोय आपणच करून दिली पाहिजे.

मधुमेहींच्या बाबतीत तर हयगय जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेऊन उपवास केला, तर साखर एकाएकी घसरते. ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या चालू ठेवून दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. पर्युषणापूर्वी किंवा आयंबिलाच्या ओळीपूर्वी डॉक्टरांना भेटून औषधांचे प्रमाण ठरवून घ्यावे. उपवास सुरू झाल्यावर आपल्या मनाने गोळी बंद करणे किंवा चालू ठेवणे, दोन्ही घातक आहेत.

पारण्याचा विवेक

अठ्ठाई किंवा मासखमण झाल्यावर शरीराच्या पुनर्बांधणीचा खरा आरंभ पारण्याला होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून पुढे त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले होते. आधीची शक्ती परत येण्यास कित्येक महिने लागले, आणि निव्वळ जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी ती आली नाही. पुरेसे अन्न दीर्घकाळ द्यावे लागले.

पहिल्या दिवशी भरपेट खाणे मात्र धोक्याचे. दीर्घ उपवासानंतर एकाएकी साखर आणि पिष्टमय अन्न पोटात गेले, की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतात व हृदयाची लय बिघडू शकते. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २००६ साली सांगितले की, पाच दिवसांहून अधिक काळ ज्याने जवळपास काही खाल्ले नाही, त्याला प्रथम गरजेच्या निम्म्याहून अधिक अन्न देऊ नये. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया पारण्याला मुगाचे पाणी, पातळ राब, मग मऊ खिचडी अशा क्रमाने देत आल्या. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. पारण्याच्या मंडपात तपस्व्याच्या मुखात प्रत्येक नातलगाने पेढ्याचा घास घालण्याची हौस अलीकडची. तो आग्रह टाळावा. पहिले दोन-तीन दिवस थोडे थोडे, अनेकदा द्यावे. येथे वारंवार खाणे हेच शास्त्रशुद्ध ठरते.

समारोप

सारांश असा की, निरोगी प्रौढाला दोन किंवा तीन जेवणे पुरेशी आहेत. ती दिवसाउजेडी व्हावीत आणि प्रत्येकात डाळ, कडधान्य अथवा दूध पुरेसे असावे. व्यायाम करणाऱ्याने तीन-चार भाग करावेत. आजारातून उठणाऱ्याने आणि दीर्घ तपानंतर पारणे करणाऱ्याने थोडे थोडे, अधिक वेळा घ्यावे. मधुमेहीने आपली संख्या डॉक्टरांसह ठरवावी.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी न्यासाने दोन छोट्या गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी नम्र विनंती आहे. भोजनशाळेत बियासन्याच्या ताटात घट्ट वरण आणि एक उसळ यांचा नित्य समावेश व्हावा. आणि पर्युषणापूर्वी साठीवरील तपस्व्यांसाठी एका डॉक्टरांच्या उपस्थितीत तपासणीचा एक दिवस ठेवावा. मोक्षमार्गाची आराधना या देहाच्याच आधाराने करायची आहे. त्याला लाडावू नये, हे आपण जाणतो. त्याची उपासमार होऊ न देणे हेही तितकेच आपले कर्तव्य आहे.

सर्वांना उत्तम आरोग्य आणि निर्विघ्न तपाराधना लाभो. जय जिनेंद्र.